‘थांबा’ कोणी म्हणायचे? : २०२० च्या महामारीत बिग टेन आणि एसईसी

१२ मार्च २०२० रोजी इंडियानापोलिसच्या बँकर्स लाइफ फील्डहाउसमध्ये मिशिगन आणि रटगर्स या दोन विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ दुपारच्या सामन्यासाठी अंग मोकळे करत होते. बिग टेन कॉन्फरन्सची, म्हणजे या विद्यापीठांच्या स्पर्धा-संघाची, वार्षिक स्पर्धा चालू होती. आदल्या रात्री याच मैदानावर नेब्रास्काचे प्रशिक्षक फ्रेड हॉइबर्ग खेळ चालू असतानाच आजारी दिसू लागले होते (त्यांना झालेला आजार नेहमीचा फ्लू निघाला), आणि त्याच रात्री एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने आपला हंगाम स्थगित केला होता. सामना सुरू व्हायला काही मिनिटे उरली असताना दोन्ही संघांना आत बोलावून घेण्यात आले आणि स्पर्धा रद्द झाल्याचे जाहीर झाले. नॅशव्हिलमधली साउथईस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे एसईसीची स्पर्धा त्याच सुमारास रद्द झाली. न्यूयॉर्कमध्ये बिग ईस्टचा एक सामना मध्यंतरात थांबवला गेला. संध्याकाळ होण्यापूर्वी एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने देशपातळीवरची स्पर्धाही रद्द केली.

त्या दिवशी सगळ्या मोठ्या कॉन्फरन्स एका सुरात बोलल्या. पाच महिन्यांनी, ११ ऑगस्टला, बिग टेन आणि पॅक-१२ यांनी शरद ऋतूतला अमेरिकन फुटबॉलचा हंगाम पुढे ढकलला, तर एसईसी, एसीसी आणि बिग ट्वेल्व्ह या उरलेल्या तीन मोठ्या कॉन्फरन्सनी तयारी चालूच ठेवली. विषाणू तोच होता, उपलब्ध संशोधन तेच होते, आणि सल्ला देणारे डॉक्टरही एकमेकांशी बोलत होते. तरीही निर्णय परस्परविरोधी निघाले. असे का झाले, हा या प्रकरण अभ्यासाचा प्रश्न आहे. माझ्या मते फरक वैद्यकीय ज्ञानात नव्हता. थांबण्याचा अधिकार कोणाचा, आणि पुरावा कोणी द्यायचा, ‘खेळणे सुरक्षित आहे’ म्हणणाऱ्याने की ‘ते धोक्याचे आहे’ म्हणणाऱ्याने, याविषयीच्या दोन वेगळ्या सवयींत तो होता.

कॉन्फरन्स म्हणजे काय, आणि अंतिम शब्द कोणाचा

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपसांत बांधलेला स्पर्धा-संघ. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा किंवा महाराष्ट्रातला ‘अश्वमेध’ महोत्सव डोळ्यांसमोर ठेवून त्याची कल्पना करता येत नाही. मिशिगनच्या मैदानात १,०७,६०१ प्रेक्षक बसतात. बिग टेनच्या जुन्या सदस्य विद्यापीठांना केवळ कॉन्फरन्सकडून वर्षाला प्रत्येकी पाच कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळत होती, आणि तिचा मोठा भाग दूरचित्रवाणीच्या करारांतून येत होता. या पैशावर फक्त फुटबॉल चालत नाही, तर जलतरण, टेनिस, जिम्नॅस्टिक्स, कुस्ती असे स्वतःच्या पायावर उभे न राहणारे खेळही चालतात. म्हणूनच बिग टेनच्या स्थगितीनंतर दहाच दिवसांनी आयोवा विद्यापीठाने पुरुषांचे जिम्नॅस्टिक्स व टेनिस आणि दोन्ही जलतरण संघ बंद करण्याची घोषणा केली.

दुसरी गोष्ट या प्रकरणात निर्णायक ठरली. बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए भरवते, म्हणून मार्चमध्ये ती रद्द करणे एनसीएएच्या हातात होते. सर्वोच्च स्तरावरच्या फुटबॉलचे तसे नाही. त्याची अंतिम फेरी कॉन्फरन्सच चालवतात, आणि सगळ्यांना ‘थांबा’ म्हणणारे केंद्रीय पद त्या खेळात अस्तित्वातच नाही. एनसीएएने ऑगस्टमध्ये खेळाडूंकडून ‘धोका आमचा’ अशी हमीपत्रे लिहून घेण्यास मनाई केली, हंगाम खेळला तरी खेळण्याच्या पात्रतेचे एक वर्ष जादा मिळेल असे ठरवले, आणि या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या होत्या. पण खेळायचे की नाही, हे प्रत्येक कॉन्फरन्सने स्वतः ठरवायचे होते. वरचा दबाव नसला की संस्था आपल्या मूळ स्वभावाप्रमाणे वागतात, आणि या प्रकरणात तो स्वभाव उघडा पडला.

दोन घडणी

अमेरिकेच्या उत्तर भागातल्या बिग टेनची मुळे १८९५-९६ सालातली. पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी शिकागोत बोलावलेल्या बैठकीतून ती उभी राहिली, आणि त्या बैठकीचा हेतूच मुळी महाविद्यालयीन खेळावर प्राध्यापकांचा आणि विद्यापीठाचा अंकुश ठेवण्याचा होता. २०२० मधल्या तिच्या चौदा सदस्यांपैकी नेब्रास्का वगळता सर्व विद्यापीठे अमेरिकेतल्या अग्रगण्य संशोधन विद्यापीठांच्या संघटनेची सदस्य होती. बहुतेकांची स्वतःची मोठी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. अशा ठिकाणी कुलप्रमुखाची जी बैठक प्रयोगशाळा बंद ठेवण्याबद्दल आणि वर्ग ऑनलाइन घेण्याबद्दल निर्णय घेते, तीच फुटबॉलबद्दलही घेते आणि त्याच चष्म्यातून घेते. वसतिगृह रिकामे ठेवून मैदान भरायचे, ही विसंगती तिथल्या प्राध्यापकांपुढे मांडणे अध्यक्षांना अवघड होते.

एसईसी १९३२ साली दक्षिणेतल्या विद्यापीठांनी स्थापन केली. तिचे मुख्यालय अलाबामातल्या बर्मिंगहॅमला आहे. ज्या राज्यांत व्यावसायिक संघ थोडे किंवा नाहीतच, तिथे शनिवारचा विद्यापीठाचा सामना हा गावाचा, घराण्याचा आणि राज्याचा सण असतो. एसईसीच्या जाहिरातींचे ब्रीद ‘इथे याचे मोल अधिक’ अशा आशयाचे आहे, आणि तिथल्या लोकांच्या दृष्टीने ते अक्षरशः खरे आहे. लग्नाची तारीख काढताना सामन्यांचे वेळापत्रक पाहणारी कुटुंबे तिथे आहेत. तिथेही अंतिम मत विद्यापीठांच्या अध्यक्षांचेच असते, पण हंगाम रद्द करणारा अध्यक्ष आपल्या राज्याच्या राज्यपालांपासून शेजारच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना उत्तर द्यायला बांधील असतो.

नेतृत्वाचाही फरक होता. एसईसीचे आयुक्त ग्रेग सँकी २००२ पासून त्याच कार्यालयात होते आणि २०१५ पासून आयुक्त होते. अध्यक्ष, क्रीडा संचालक, प्रशिक्षक या सगळ्यांशी त्यांचे वर्षानुवर्षांचे बोलणे होते. बिग टेनचे केव्हिन वॉरेन व्यावसायिक फुटबॉलमधल्या मिनेसोटा वायकिंग्ज संघाकडून आले होते. त्यांनी पदभार घेतला जानेवारी २०२० मध्ये, म्हणजे महामारीच्या अवघे दोन महिने आधी. मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीचे आयुक्तपद भूषवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. ज्या विश्वासाच्या भांडवलावर संकटात माणूस निभावून नेतो, ते जमवायला त्यांना वेळच मिळाला नव्हता, आणि पुढे त्यांच्यावर झालेल्या टीकेचे माप काढताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल.

जुलै आणि ऑगस्ट

पहिले पाऊल आयव्ही लीगने, म्हणजे हार्वर्ड, येल अशा जुन्या खासगी विद्यापीठांच्या कॉन्फरन्सने, उचलले. मार्चमध्ये बास्केटबॉल स्पर्धा रद्द करणारी पहिली कॉन्फरन्स तीच होती, आणि ८ जुलैला तिने शरद ऋतूतले सर्व खेळ थांबवले. आयव्हीत क्रीडा शिष्यवृत्त्या नाहीत आणि दूरचित्रवाणीचे मोठे करार नाहीत, त्यामुळे तिच्या निर्णयाची आर्थिक किंमत कमी होती. तरी त्याचा परिणाम मोठा झाला, कारण ‘थांबणे’ हा शब्द त्या दिवसापासून बोलण्यात आला.

दुसऱ्याच दिवशी बिग टेनने सामने फक्त कॉन्फरन्समधल्या संघांतच होतील असे जाहीर केले. त्याची पूर्वकल्पना इतर कॉन्फरन्सना नव्हती. एसईसी मात्र जुलैच्या शेवटापर्यंत थांबली, आणि ३० जुलैला तिने दहा सामन्यांचा, २६ सप्टेंबरला सुरू होणारा हंगाम जाहीर केला. या एका तारखेत एसईसीची सारी भूमिका सामावली आहे. सुरुवात तीन आठवडे पुढे नेल्यामुळे विद्यार्थी वसतिगृहांत परतल्यावर काय होते ते पाहायला, आणि चाचण्या स्वस्त व जलद होतील की नाही याची वाट पाहायला, तिला अवधी मिळाला. निर्णय शक्य तितका उशिरा घ्यायचा, कारण उद्या आजपेक्षा अधिक माहिती असेल, हे सँकी यांचे धोरण होते. ‘बेपर्वाई’ म्हणून त्याची संभावना त्या वेळी पुष्कळांनी केली. मला ते तसे वाटत नाही, कारण त्या धोरणामागे एक स्पष्ट तर्क होता. मात्र त्या तर्काला एक गृहीतकही होते, आणि ते गृहीतक ‘खेळायचेच आहे’ हे होते.

बिग टेनने ५ ऑगस्टला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होणारे वेळापत्रक प्रसिद्ध केले आणि सहाच दिवसांनी ते मागे घेतले. मधल्या काळात हृदयाच्या स्नायूंना येणाऱ्या सुजेचा, मायोकार्डायटिसचा प्रश्न पुढे आला होता. जुलैअखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात कोविडमधून बऱ्या झालेल्या १०० जणांपैकी ७८ जणांच्या हृदयाच्या एमआरआयमध्ये काही ना काही बदल दिसले होते. ते रुग्ण मध्यमवयीन होते, खेळाडू नव्हते. पण इंडियाना विद्यापीठातल्या पहिल्या वर्षाच्या एका खेळाडूच्या आईने मुलाच्या हृदयाविषयीची काळजी समाजमाध्यमावर लिहिली, तेव्हा हा आकडा आकडा राहिला नाही. ज्या विद्यापीठांत हृदयरोगतज्ज्ञ कुलप्रमुखांच्या शेजारच्या खोलीत बसतात, तिथे ‘अजून कळलेले नाही’ या उत्तराचा अर्थ ‘तोवर थांबा’ असा झाला. एसईसीच्या आणि एसीसीच्या डॉक्टरांनीही हेच अभ्यास वाचले होते. एसीसीच्या वैद्यकीय सल्लागार गटाचे प्रमुख, ड्यूक विद्यापीठातले संसर्गरोगतज्ज्ञ डॉ. कॅमेरॉन वुल्फ, यांचे मत धोका शून्यावर आणता येत नसला तरी आटोक्यात ठेवता येतो, असे होते. तिथे ‘अजून कळलेले नाही’ याचा अर्थ ‘तपासत तपासत पुढे चला’ असा झाला.

याच आठवड्यांत एक दृश्य दिसले, जे कोणत्याही बाजूच्या माणसाला विचारात पाडील. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपल हिलमध्ये वर्ग सुरू केले, आणि आठवड्याभरात रुग्ण वाढल्यामुळे १७ ऑगस्टला पदवीचे शिक्षण ऑनलाइन नेऊन विद्यार्थ्यांना घरचा रस्ता मोकळा केला. फुटबॉलचा संघ तिथेच राहिला.

निर्णय चुकला की निर्णयाची रीत चुकली

पॅक-१२ आणि बिग टेन यांनी एकाच दिवशी जवळजवळ एकच निर्णय घेतला, पण त्यांचे पुढचे महिने फार वेगळे गेले. पॅक-१२ ने एकमताने ठराव केला आणि आपल्या वैद्यकीय समितीचे टिपण त्याच दिवशी लोकांपुढे ठेवले: चाचण्या पुरेशा नाहीत, आसपासच्या वस्तीतला संसर्ग जास्त आहे, हृदयाचे परिणाम अज्ञात आहेत. शिवाय कॅलिफोर्निया आणि ओरेगन राज्यांच्या निर्बंधांत पूर्ण संघाचा सराव करणेच कठीण होते. तिथे विरोध झाला, पण बंड झाले नाही.

बिग टेनमध्ये बंड झाले. निवेदन मोघम होते. मतदान झाले की नाही, हेसुद्धा सुरुवातीला स्पष्ट नव्हते. १९ ऑगस्टच्या खुल्या पत्रात वॉरेन यांनी या निर्णयाचा फेरविचार होणार नाही असे लिहिले. दोन दिवसांनी इलिनॉयमधल्या रोझमाँटच्या मुख्यालयाबाहेर खेळाडूंचे पालक उभे राहिले. ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक (आक्रमणाची सूत्रे हलवणारा खेळाडू) जस्टिन फील्ड्स याने सुरू केलेल्या अर्जावर तीन लाखांहून अधिक सह्या झाल्या. नेब्रास्काच्या आठ खेळाडूंनी कॉन्फरन्सला न्यायालयात खेचले, आणि त्या खटल्यातल्या प्रतिज्ञापत्रातूनच जगाला कळले की ठराव ११ विरुद्ध ३ मतांनी झाला होता. विरोधात होते नेब्रास्का, आयोवा आणि ओहायो स्टेट. जे पहिल्या दिवशी सांगता आले असते, ते न्यायालयाने विचारल्यावर सांगावे लागले. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी वॉरेन यांना फोन केला आणि निवडणुकीच्या वर्षात हा प्रश्न पूर्णपणे राजकीय झाला.

ही तीन विरोधी मते मला फार बोलकी वाटतात, कारण ‘उत्तरेतले सावध, दक्षिणेतले धाडसी’ या सोप्या मांडणीला ती छेद देतात. नेब्रास्का आणि आयोवा या राज्यांत मोठे व्यावसायिक संघ नाहीत आणि तिथला शनिवार अलाबामाच्या शनिवारासारखाच असतो. ओहायो स्टेटचा त्या वर्षीचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या तोडीचा होता. दुसऱ्या बाजूला एसईसीमधल्या व्हँडरबिल्टसारख्या खासगी संशोधन विद्यापीठाचे वातावरण बिग टेनमधल्या नॉर्थवेस्टर्नला अधिक जवळचे आहे. संस्कृती कॉन्फरन्सच्या नकाशाबरहुकूम विभागलेली नसते. कॉन्फरन्स फक्त कोणाच्या संस्कृतीला बहुमत मिळेल ते ठरवते.

आणि खेळाडू? ज्यांच्या हृदयाचा प्रश्न होता, त्यांना मत नव्हते. ऑगस्टच्या सुरुवातीला पॅक-१२ मधल्या खेळाडूंनी आरोग्याच्या हमीबरोबर उत्पन्नात वाटा मागितला. ९ ऑगस्टच्या मध्यरात्री एसीसीतल्या क्लेम्सन विद्यापीठाच्या ट्रेव्हर लॉरेन्ससह अनेकांनी ‘आम्हाला खेळायचे आहे’ असे म्हणताना सर्व कॉन्फरन्ससाठी समान सुरक्षा नियम आणि खेळाडूंची संघटनाही मागितली, पण वृत्तवाहिन्यांवर त्यातला पहिला भागच अधिक गाजला. एसईसीच्या अधिकाऱ्यांबरोबरच्या एका ऑनलाइन बैठकीत खेळाडूंनी विचारलेले चिंतेचे प्रश्न ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने प्रसिद्ध केले, तेव्हा दक्षिणेतही सगळे निःशंक नव्हते हे दिसले. या मुलांना तेव्हा पगार नव्हता, आणि मोठ्या संघांत त्यांतले अनेक जण कृष्णवर्णीय होते, म्हणजे ज्या समाजाला विषाणूची सर्वाधिक झळ बसली त्याच समाजातले. दोन्ही कॉन्फरन्सच्या कारभारावर माझा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तो दोघींनाही सारखाच लागू होतो.

नियमांचे अक्षर

१६ सप्टेंबरला बिग टेनने एकमताने निर्णय फिरवला. कारण म्हणून रोजची जलद अँटिजेन चाचणी पुढे करण्यात आली. ओहायो स्टेटच्या संघाचे डॉक्टर जिम बोर्चर्स यांच्यासह वैद्यकीय गटाने ही योजना अध्यक्षांपुढे मांडली होती. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात हंगाम सुरू करायचे ठरले. पॅक-१२ नेही आठ दिवसांनी नोव्हेंबरचा मुहूर्त धरला. निर्णय एक झाले, पण नियमांत जुना फरक तसाच राहिला.

बिग टेनने दोन प्रमाणे ठरवली. चाचण्यांत पॉझिटिव्ह निघण्याचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर आणि संघाशी संबंधित सर्व माणसांतले बाधितांचे प्रमाण ७.५ टक्क्यांच्या वर गेले, की सराव आणि सामने किमान सात दिवस बंद. बाधित खेळाडूला हृदयाच्या एमआरआयसह सर्व तपासण्या करून किमान २१ दिवसांनीच सामना खेळता येणार होता. एसईसीत फुटबॉलपटूंची आठवड्यातून तीनदा चाचणी होत होती, आणि सामना पुढे ढकलण्यासाठीचा उंबरठा असा होता: शिष्यवृत्तीवरचे किमान ५३ खेळाडू उपलब्ध असावेत, त्यांत आक्रमणाच्या फळीतले सात, बचावाच्या फळीतले चार आणि एक क्वार्टरबॅक. बिग टेनचा नियम विचारतो, ‘किती जण आजारी आहेत?’ एसईसीचा नियम विचारतो, ‘किती जण खेळू शकतात?’ कॉन्फरन्सच्या संस्कृतीचा इतका नेमका पुरावा कुठल्याही भाषणात सापडणार नाही.

प्रेक्षकांचेही तसेच. बिग टेनने तिकीटविक्रीच ठेवली नाही, फक्त कुटुंबीयांना प्रवेश दिला. एसईसीने ते राज्यांवर आणि विद्यापीठांवर सोडले, आणि अनेक मैदानांत पाचव्या-चौथ्या हिश्श्याइतके प्रेक्षक बसले.

या नियमांची कसोटी लगेचच लागली. विस्कॉन्सिनने २३ ऑक्टोबरला इलिनॉयला ४५-७ असे हरवले, त्यानंतर क्वार्टरबॅक ग्रॅहॅम मर्ट्झ बाधित निघाला, संघात रुग्ण वाढले आणि पुढचे दोन सामने रद्द झाले. नेब्रास्काने रिकाम्या शनिवारी कॉन्फरन्सबाहेरच्या संघाशी खेळायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. एवढ्या उशिरा सुरू केलेल्या हंगामात सामना हलवायला जागाच नव्हती. मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा १९१८ पासून दरवर्षी न चुकता होणारा सामना त्या डिसेंबरमध्ये झाला नाही. ओहायो स्टेटचे पाचच सामने झाले, आणि विजेतेपदाच्या लढतीसाठी किमान सहा सामन्यांची जी अट बिग टेनने स्वतः घातली होती, ती तिने ९ डिसेंबरला स्वतःच काढून टाकली. बाधित खेळाडूची २१ दिवसांची मुदतही त्या महिन्यात १७ दिवसांवर आली.

एसईसीत वाट सुरळीत होती असे नाही. लुइझियाना स्टेटचे प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन यांनी सप्टेंबरमध्येच संघातल्या बहुतेकांना लागण होऊन गेल्याचे उघडपणे सांगितले. फ्लोरिडाचे प्रशिक्षक डॅन मुलन यांनी १० ऑक्टोबरच्या पराभवानंतर आपले नव्वद हजारांचे मैदान पूर्ण भरावे अशी इच्छा व्यक्त केली, आणि आठवडा उलटायच्या आत त्यांच्या संघात साथ पसरली, सामना पुढे गेला आणि ते स्वतःही बाधित झाले. अलाबामाचे निक सेबन यांचा ऑक्टोबरमधला अहवाल चुकीने पॉझिटिव्ह आला. त्यांनी घरी बसून पडद्यावर सराव पाहिला, लागोपाठच्या चाचण्या निगेटिव्ह आल्यावर ते शनिवारी जॉर्जियाविरुद्ध मैदानाच्या कडेला हजर झाले, आणि नोव्हेंबरमध्ये खरोखरच बाधित झाल्यामुळे ऑबर्नविरुद्धचा सामना त्यांना घरूनच पाहावा लागला.

व्हँडरबिल्टची गोष्ट थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस त्या संघातल्या किक मारणाऱ्या खेळाडूंवर विलगीकरणामुळे बसून राहायची वेळ आली. त्याच आठवड्यात विद्यापीठाच्या महिला सॉकर संघाने एसईसीचे विजेतेपद मिळवले होते. त्या संघाची गोलरक्षक सेरा फुलर हिला विचारणा झाली, आणि २८ नोव्हेंबरला मिसूरीच्या मैदानावर दुसऱ्या सत्राची पहिली किक तिने मारली. मोठ्या पाच कॉन्फरन्सच्या फुटबॉलमध्ये खेळलेली ती पहिली महिला. सामना रद्द करण्याऐवजी माणूस शोधायचा, ही वृत्ती त्या प्रसंगात उतरली होती, आणि त्यातून इतिहास घडला हेही तितकेच खरे.

एसईसीच्या ठरलेल्या ७० सामन्यांपैकी ६८ झाले. मोकळे ठेवलेले आठवडे आणि डिसेंबरमधली राखीव जागा यांमुळे पुढे ढकललेले सामने सामावले गेले. ११ जानेवारी २०२१ ला अंतिम सामन्यात अलाबामाने ओहायो स्टेटला ५२-२४ असे हरवले.

नंतर हाती आलेले

बिग टेनच्या तेरा विद्यापीठांनी हृदयतपासण्यांची एकत्रित नोंद ठेवली आणि तिचे निष्कर्ष मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. कोविडमधून बऱ्या झालेल्या १,५९७ खेळाडूंच्या एमआरआयमध्ये ३७ जणांना, म्हणजे २.३ टक्क्यांना, मायोकार्डायटिस आढळला, आणि त्यांतल्या बहुतेकांना हृदयाशी संबंधित कोणतेही लक्षण जाणवले नव्हते. हा आकडा ऑगस्टमधल्या भीतीपेक्षा खूप लहान आहे, आणि शून्यापासून दूरही आहे. हे ज्ञान बिग टेनने प्रत्येक बाधित खेळाडूची एमआरआय सक्तीची केली म्हणून मिळाले. ज्या सावधपणामुळे तिच्या खेळाडूंचे सामने बुडाले, त्याच सावधपणाचे हे देणे आहे, आणि त्याचा उपयोग एसईसीच्या खेळाडूंनाही झाला.

पुढच्या वर्षीचा प्रश्न लशीचा होता. २०२१ च्या उन्हाळ्यात सँकी यांनी आपल्या कॉन्फरन्सला सांगितले की या वेळी राखीव आठवडे नसतील, आणि पुरेसे खेळाडू उभे करू न शकणारा संघ सामना गमावेल. त्या वेळी एसईसीच्या चौदापैकी फक्त सहा संघांत ८० टक्के लसीकरण झाले होते. लसीबद्दल सर्वाधिक संशय असलेल्या राज्यांत सामना गमावण्याच्या भीतीने संघ लस घेऊ लागले, आणि मिसिसिपी विद्यापीठाने तर आपला संपूर्ण फुटबॉल संघ लसवंत झाल्याचे जाहीर केले. पॅक-१२ मध्ये हाच प्रश्न राज्याच्या आदेशातून सुटला: वॉशिंग्टन राज्याच्या सक्तीनंतरही लस न घेतल्यामुळे वॉशिंग्टन स्टेटचे मुख्य प्रशिक्षक निक रोलोविच यांना ऑक्टोबर २०२१ मध्ये भर हंगामात पदावरून दूर करण्यात आले.